छातीतला मुरमुरा

नूतनने खडू टेबलावर ठेवला, दोन्ही हातांचे पंजे कानांमागे धरले आणि सहावीच्या वर्गाला म्हणाली, "आता सगळे गप्प. काय काय ऐकू येतं ते सांगा."

वर्ग गप्प झाला, म्हणजे सहावीचा वर्ग जेवढा गप्प होऊ शकतो तेवढा. बाहेर हायवेवरून एक ट्रक गिअर बदलत गेला. सोनगीरच्या किल्ल्याकडून वारा येत होता आणि खिडकीचं निखळलेलं दार चौकटीवर आपटत होतं. मागच्या बाकावर कोणीतरी मुद्दाम ढेकर दिला. धडाच आवाजांचा असल्यामुळे नूतनने त्याला रागवायचं सोडून दिलं.

या धड्याची ती जूनपासून वाट बघत होती. शब्दांचं तिला वेडच होतं. जळगावला माहेरी असताना ती जेवतानाही शब्दकोश चाळायची आणि आई म्हणायची, हिला भाजी नको, अर्थ वाढा. शाळेतल्या शिक्षकांनाही आता तिची सवय झाली होती. चहाच्या वेळी कोणी 'टेबल' म्हणालं तरी ते कुठून आलं हे मॅडम सांगणार, म्हणून लोक तिच्यासमोर जपून बोलत.

"हे शब्द कोणी बसून बनवले नाहीत," ती मुलांना सांगू लागली. "हे कानांनी बनवले. इंग्रजांची माशी बझ करते, साप हिस करतो. आपला साप काय करतो?"

"फुसफुस करस मॅडम!"

"बघा. साप एकच, आवाज एकच. कान वेगळे, म्हणून शब्द वेगळे."

मग तिने फळ्यावर शेवटचा शब्द लिहिला. इंग्रजीतली तीनच अक्षरं, दोनदा लिहिलेली. तिने तो मोठ्याने वाचला. "मर्मर."

पोरांनी तो दोनतीनदा म्हणून पाहिला. वर्गभर मरमर सुरू झाली.

"ऐका, या शब्दाची गंमत काय आहे. हा लॅटिनमधून इंग्रजीत आला. ग्रीक लोक उकळत्या पाण्याच्या आवाजाला जवळजवळ असंच काहीतरी म्हणायचे. आणि आपल्या संस्कृतात मर्मर म्हणजे सुक्या पानांची सळसळ. एवढी लांब लांब राहणारी माणसं, पण कानाला आवाज एकच आला." सांगताना तिच्या अंगावर काटा आला. वर्गाच्या अंगावर काहीच आलं नाही. "बरं, इंग्रजीत मर्मर म्हणजे काय, कोण सांगेल?"

खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. नूतनला नवल वाटलं. सोनल भोई हात वर करणाऱ्यांतली नव्हती. किरकोळ अंगाची, मोठ्या डोळ्यांची ही पोर खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला, लिंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला राखायची. मुलांनी तिचं नावच चपलांची मालकीण पाडलं होतं. आळशी आहे जरा, असं नूतनने मनात ठरवून टाकलं होतं.

"हं, सांग सोनल."

सोनल उभी राहिली. "मॅडम, माले माहित शे. मर्मर म्हनजे मुरमुरा. मन्हा छातीमा शे."

वर्ग फुटला. "खाय खाय करस, म्हनीसन अडकना!" कोणीतरी ओरडलं. सोनलच्या बापाची मुरमुऱ्याची भट्टी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे विनोद आणखीच रंगला. नूतनलाही हसू आवरलं नाही. हसत हसतच तिने टेबलावरचा जाड शब्दकोश उघडला आणि पोरांना शांत करायला अर्थ वाचू लागली.

"एक, दबक्या आवाजातलं बोलणं, पुटपुट. दोन, दबक्या आवाजातली तक्रार, कुरकुर. इंग्रजीत आधी हाच अर्थ आला. तीन..."

तिसऱ्या अर्थावर तिची जीभ अडखळली. तिने तो मनात पुन्हा वाचला. मग सोनलकडे पाहिलं. सोनल अजून उभीच होती, वर्गाबरोबर थोडीशी हसत, आणि एवढ्या उभं राहण्याने तिच्या गळ्याखालची खळगी भराभर वरखाली होत होती.

"तीन काय मॅडम?"

"तीन, पानांची सळसळ," नूतन म्हणाली आणि शब्दकोश मिटला.

मधल्या सुट्टीत ती सोनलला शोधत गेली. सोनल लिंबाखालीच होती. डब्यातली भाकरी संपवून ती केळं खात होती. केळं खायची तिची एक तऱ्हा होती. डोळे मिटायची, मोठा घास घ्यायची आणि फार न चावता गिळायची. नूतनने हे आधीही पाहिलं होतं. रोज केळं आणणारी मुलगी म्हणून तिला कौतुकच वाटायचं.

"सोनल, तुझ्या छातीत मुरमुरा आहे, असं कोण म्हणालं गं?"

"डॉक्टर." सोनलने उरलेला घास गिळला. मॅडमशी ती शाळेतल्या मराठीत बोलायचा प्रयत्न करी. "मागच्या वर्षी शाळेत गाडी आली होती ना, तपासायची. डॉक्टरनी इथं नळी लावली. मंग पप्पाला बोलावलं आणि सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मी बाहेर होती. पप्पा घरी येऊन सांगे, मुरमुरा अडकेल शे. आपोआप जास."

"मग?"

"मंग केळा. रोज. केळं घसरत जातं ना, तर मुरमुरा बी त्याच्या संगे खाली जातो." तिने साल नीट घडी घालून दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. घरी दाखवायची असते, असं तिच्याकडे पाहून वाटलं. "आता गेला असंल. पण कधी कधी वाजतो."

मागच्या वर्षी पाचवीला असलेले गुरुजी बदली होऊन शिंदखेड्याला गेले होते, आणि या पोरीबद्दल जे काही सांगायचं असेल ते त्यांच्याबरोबरच गेलं होतं. दुपारभर ती वर्गात उभी होती, पण तिच्या डोक्यात एकच चित्र होतं. गाडीतून आलेला कोणी घाईतला तरुण डॉक्टर, शाळेच्या दारात भट्टीच्या राखेने माखलेला बाप. डॉक्टर म्हणतो, हिच्या छातीत मर्मर आहे. बाप जन्मभर मुरमुरे भाजत आलेला. त्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? डॉक्टर म्हणतो, लहान मुलांत कधी कधी आपोआप जातो, पण धुळ्याला दाखवून घ्या. बापाला 'आपोआप जातो' एवढंच कळतं. एका अक्षराचा घोळ आणि पोरीचं वर्ष गेलं. नूतन घाबरली होती, हे खरं. पण खोटं कशाला बोला, या भीतीच्या तळाशी तिला थोडं समाधानही वाटत होतं. गाठ कुठे बसली ते तिला सापडलं होतं आणि ती सोडवणं तिच्याच हातात होतं.

शाळा सुटल्यावर ती भट्टीवर गेली.

भोयांची भट्टी गावाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये होती. फेब्रुवारी असूनही आत पाय ठेवताच उन्हाळा लागायचा. मोठ्या कढईत काळी रेती तापली होती. सोनलचा बाप छगन याने खारवलेल्या तांदळाचा पसा रेतीत टाकला आणि आखूड खराट्याने फिरवू लागला. आधी नुसती रेतीची खसखस. मग एक दाणा फुटला, मग दोन, आणि मग सगळी कढई एकदम बोलायला लागली, मुर्र मुर्र मुर्र. दारात उभ्या उभ्या नूतनला वाटलं, मुरमुऱ्याचं नावही असंच कोणाच्या तरी कानाने ठेवलं असणार. एरवी या शोधाने ती दिवसभर खूश राहिली असती.

छगनने चाळणीने मुरमुरे उचलले, रेती झटकली, ढिगावर ओतले. मग त्याला मॅडम दिसल्या.

"या मॅडम, या. बसा. पोरनी काही करं का?"

"नाही हो, सोनल गुणाची आहे. छगनभाऊ, मी तिच्या तब्येतीचं विचारायला आले."

"तब्येतले काय धाड भरनी?" तो हसला आणि पुढचा पसा कढईत टाकला. "तो मुरमुरा ना? तो कव्हयनाच गया. केळा चारात आम्हीन. जळगावनं केळं, मॅडम. दगड अडकेल व्हता तरी खाले उतरता."

नूतनने पदर सावरला. हे कसं सांगायचं ते वाटेत ठरवून आली होती. हळू सांगायचं, अडाणी म्हणतोय असं वाटू द्यायचं नाही.

"छगनभाऊ, तुमची काही चूक नाही. डॉक्टर मुरमुरा म्हणालेच नव्हते. ते मर्मर म्हणाले असणार. तो इंग्रजी शब्द आहे. मर्मर म्हणजे हृदयातून येणारा आवाज. नेहमीचा नाही, वेगळा. सोनलच्या छातीत काही अडकलेलं नाही. तिचं हृदय नीट तपासायला हवं."

खराटा थांबेल असं तिला वाटलं होतं. तो थांबला नाही. छगन कढईत बघत फिरवतच राहिला. मुरमुरे फुलले, कढईच्या काठापर्यंत वर आले, पांढऱ्याचे पिवळे व्हायला लागले. चाळणी त्याच्या उजव्या हाताशी होती. त्याने ती उचलली नाही. पिवळ्याचे तांबडे झाले. जळका वास शेडभर पसरला तेव्हा मागच्या दारातून त्याची बायको प्रमिला ओल्या हातांनी धावत आली.

"जळनात ना!" तिने चाळणी हिसकली आणि काळे पडलेले मुरमुरे बाहेर काढले. मग नवऱ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "काय व्हयनं?"

नूतनने पुन्हा सगळं सांगितलं. मर्मर आणि मुरमुरा, हृदय आणि आवाज. प्रमिला ऐकत होती. हातातल्या चाळणीतून जळका चुरा तिच्या पायांवर पडत होता. तिने एकदाही मध्ये काही विचारलं नाही. इंग्रजी शब्दाने घाबरली बिचारी, असं नूतनला वाटलं.

"घाबरायचं काही नाही, ताई. फक्त तपासून घेऊ. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत. मी येते सोबत."

"सकाय भट्टीना माल देवाना शे," छगन म्हणाला. "आठवडाभरमा दखूत. आते ती खेळस, खास. कसाले तिले तठे..."

"सकाय जाऊत," प्रमिला म्हणाली.

छगनने मान वर केली. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि मग लगेच दोघांनी दुसरीकडे पाहिलं. छगनने कढईखालचं लाकूड ओढून काढलं. रेती थंड व्हायला फार वेळ लागतो. तोवर ती उगाचच करकरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतन स्टँडवर पोचली तेव्हा तिघं आधीच येऊन थांबली होती. सोनलने दिवाळीचा ड्रेस घातला होता. प्रमिलाच्या पायाशी चांगली फुगलेली एक पिशवी होती. वरून गोधडीचं टोक दिसत होतं, आत स्टीलचा तांब्या आणि कपड्यांची घडी.

"ताई, एवढं कशाला? संध्याकाळी परत यायचंय आपण."

"ऱ्हाऊ द्या मॅडम," प्रमिला म्हणाली. "लागस."

ही पिशवी एका रात्रीत भरलेली दिसत नव्हती. गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नूतनच्या नाकाला तो आला, पण मनाने त्याचं काही केलं नाही. गावाकडच्या बायका जरा जास्तच सामान घेतात, एवढं म्हणून ती बसमध्ये चढली.

वाटेत सोनल खिडकीशी बसून हायवेवरची दुकानं वाचत होती. छगन पुढच्या सीटवर एकटा बसला होता. धुळ्याचा पूल आला तसा तो उठला आणि कंडक्टरजवळ जाऊन उभा राहिला, जणू गाडी थांबली की त्यालाच आधी उतरायचं होतं. गाडी थांबली तेव्हा मात्र तो सगळ्यांत शेवटी उतरला. दवाखान्याच्या फाटकाशी येऊन चपलेचा अंगठा बघू लागला. अंगठा तुटलेला नव्हता.

"पप्पा, चाला ना," सोनलने हात ओढला तेव्हा तो आत आला.

डॉक्टर जीनत धुळ्याच्याच. बोलणं साधं, हात थंड. आधी दोन्ही तळव्यांत नळीचं चपटं टोक धरून त्यांनी ते कोमट केलं आणि मग सोनलच्या छातीला लावलं. सोनल स्टुलावर ताठ बसली होती. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं. खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरांनी उठून तो बंद केला आणि पुन्हा ऐकलं. नूतनला आपलं वर्गातलं वाक्य आठवलं, आता सगळे गप्प, काय काय ऐकू येतं ते सांगा. आपण असं का म्हणालो, असं तिला वाटलं.

"पळतेस का गं शाळेत?"

"नही. मी चपला राखस," सोनल म्हणाली.

"आणि जिना चढताना?"

"मधी बसस."

डॉक्टरांनी नळी कानांतून काढून गळ्यात टाकली. त्या छगनकडे आणि प्रमिलाकडे वळल्या. "मर्मर आहे, आणि चांगला मोठा आहे. हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक असावं, असं मला वाटतं. आत्ता मशीनवर बघू, मग नक्की सांगते. भोक बुजवता येतं. पण आधी फुप्फुसांवर किती ताण आलाय ते बघावं लागेल. त्यावर ठरेल, ऑपरेशन करता येतं की नाही."

"की नाही?" नूतन म्हणाली.

"फार काळ तसंच राहिलं, तर कधी कधी वेळ निघून गेलेली असते." डॉक्टरांनी समोरच्या दोघांकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता, पण मऊपणाही गेला होता. "नूतन म्हणाली, मागच्या वर्षी शाळेच्या तपासणीत सांगितलं होतं तुम्हाला. मग का नाही आणलं?"

छगन परत चपलेचा अंगठा बघू लागला. प्रमिलाने पिशवीचे बंद आवळले. नूतनला ते बघवेना. ती पुढे झाली.

"मॅडम, त्यात यांचा दोष नाही. शब्दाचा घोळ झाला. यांचा धंदा मुरमुऱ्याचा. डॉक्टर मर्मर म्हणाले, यांनी मुरमुरा ऐकलं. छातीत मुरमुरा अडकलाय असं समजून पोरीला वर्षभर केळी चारत होते." बोलता बोलता तिच्या ओठांवर बारीकसं हसू आलंच. गोष्टच तशी होती. कोणालाही सांगितली तरी हसू येईल अशी.

डॉक्टरही किंचित हसल्या. मग त्यांनी कपाळ चोळलं. "चूक आमचीही आहे. आम्ही शब्द फेकतो आणि निघून जातो. ताई, इकडे या. तुम्हीच ऐका, म्हणजे कळेल."

त्यांनी नळी प्रमिलाच्या कानांत बसवली आणि टोक सोनलच्या छातीवर धरलं. प्रमिला वाकून ऐकू लागली. नूतन तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. काही दचकणं, काही नवल दिसेल अशी तिची अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही. रोजच्या ओळखीचं कोणी बोलत असावं तशी ती ऐकत राहिली.

"कळलं? आता तुम्ही या," डॉक्टर छगनला म्हणाल्या. प्रमिलाने एका कानातली नळी काढून त्याच्याकडे धरली.

छगन मागे सरला. पाठ भिंतीला टेकली तरी त्याचे पाय मागेच सरकत होते.

"नको. मी आयकेल शे."

"मागच्या वर्षी? शाळेत?"

"नही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मन्ही अक्काना. ललिताअक्का. मी धाकला व्हतू. आठेच, या दवाखानामा लई उनथूत तिले. डॉक्टरनी नळी मन्हा कानले लायी, म्हने आयक रे, तुन्ही बहीननं काळीज कसं बोलस. तापेल रेतीमा तांदूय टाका का जशे व्हस, तशेच." त्याने मागची भिंत हाताने चाचपली. "म्हने, मर्मर शे, सुधारी जाई. अक्का हासत हासत ऑपरेशनले मझार गयी. मंग आम्हीन तिले चादरमा लई गऊत. तो शब्द मी कसा भुलसू, डॉक्टरबाई? माले बराबर आयकू उनथा. मर्मरच आयकू उनथा."

नूतनच्या ओठांवर मघाचं हसू अजून कुठेतरी चिकटून राहिलं होतं. तिने ते हाताने पुसलं.

"मांगला साले शाळामाईन घर येवावर पोरनी माय दारमा उभी व्हती," छगन म्हणाला. तो आता डॉक्टरांशी बोलत नव्हता. "तिना तोंडकडे दखं आणि माले सांगता उनं नही. तोंडमाईन मुरमुरा निंघना. डॉक्टर बी सांगे ना, आपोआप जास. म्हंत, जाई. जाईच. तिले कसाले घाबरावू?"

"माले माहित व्हतं," प्रमिला म्हणाली.

तिच्या एका कानात नळी अजून तशीच होती. सोनलच्या छातीवरचं टोक आता तिने स्वतःच धरलं होतं. "तुन्ही मायनी सांगं व्हतं माले, अक्काना बारामा. लगीनना सालेच. पोर झोपनी का मी रोज छातीले कान लावू. रोज."

"मंग बोलनी का नही?"

"तू बोलना का?"

"माले वाटे," प्रमिला हळूच म्हणाली, "तुले खरंच मुरमुरा वाटी ऱ्हायना. वाटू दे, म्हंत. एक जन तरी झोपस घरमा."

नूतनला ती फुगलेली पिशवी आठवली, आणि गोधडीचा वास. वर्षभर ती पिशवी कुठेतरी भरलेली होती. रोज निघायचं आणि रोज न निघायचं. एक माणूस दुसऱ्याला सांभाळत होता, दुसरा पहिल्याला, आणि दोघांच्या मध्ये बसून पोर केळी खात होती. नूतनने सोडवायला आणलेली गाठ मुळात नव्हतीच. शब्द सगळ्यांना नीट ऐकू आला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण चुकीला निदान उपाय असतो.

डॉक्टर जीनत टेबलाशी गेल्या. काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी पेन उचललं आणि तसंच ठेवलं. "चला," त्या म्हणाल्या, "आधी मशीनवर बघू. वेळ नका घालवू आता."

सोनल स्टुलावरून उतरली. ड्रेसची बटणं लावता लावता ती आळीपाळीने आईबापाकडे पाहत होती. ती रडत नव्हती. तिला काहीतरी जुळवायचं होतं आणि ते जुळत नव्हतं, असा तिचा चेहरा होता. वर्गात गणित अडलं की तो तसाच व्हायचा.

"पप्पा," ती म्हणाली, "मुरमुरा नव्हताच ना?"

"नही बेटा."

"तुले माहित व्हतं. आईले बी माहित व्हतं."

छगनने मान हलवली.

"मंग माले केळा कसाले चारात?"

बाहेर नर्सने तिचं नाव पुकारलं. सोनल छगन भोई. छगन गुडघ्यांवर बसला, तिचं राहिलेलं शेवटचं बटण त्याने लावलं. राखेने कायमच्या काळ्या झालेल्या त्याच्या बोटांना ते पटकन सापडेना.

"तुले आवडतस म्हनीसन," तो म्हणाला.

"माले नही आवडतस," सोनल म्हणाली, आणि नर्सचा हात धरून आत गेली.